भुरीच्या मागे

सुरुंगात चिन्नाबाईच्या नवऱ्याचा पाय गेला, तेव्हापासून तलावाची वाट ओस पडली होती. भुरी या पोलिसांच्या कुत्रीने ती हुंगून काढली, सापडलेले सुरुंग पथकाने निकामी केले. तरी गावातलं कुणी पाऊल टाकेना.

"एखादा राहिला असेल तर?" चिन्नाबाईने विचारलं.

"मावशी, हिच्या नाकाच्या भरवशावर मी रोज चालते," भुरीला सांभाळणारी शिपाई रेवती म्हणाली. तिने पट्टा सोडला, चेंडू तलावाकडे भिरकावला आणि भुरीच्या मागे वाटेवरून धावत सुटली. काठावर चेंडूसाठी झटापट झाली, दोघी पाण्यात पडल्या.

"पुरे गं! पाणी गढूळ करू नका, मला कपडे धुवायचेत."

रेवतीने वळून पाहिलं. डोक्यावर गाठोडं घेऊन चिन्नाबाई वाटेच्या मधोमध चालत येत होती.