बाटलीभर समुद्र

"आज काचेच्या बोटीत बसलो, बाबा," वर्षाली फोनवर म्हणाली. "खाली काच, अन् काचेखाली मासे."

ती बसली होती सेवाग्रामच्या एका दवाखान्याच्या जिन्यावर. मांडीवर पत्रक होतं, 'अंदमानात करण्यासारख्या दहा गोष्टी'. काचेची बोट पहिल्या नंबरवर होती.

पत्रक खरं होतं. जायचंही खरंच ठरलं होतं. बॅगा भरल्या होत्या, साऱ्या वडनेर गावाला सांगून झालं होतं. आणि निघायच्या चार दिवस आधी नवऱ्याच्या, अंकुशच्या, पोटात गाठ निघाली. लगेच कापायची, असं डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांना, नत्थूजींना, हृदयाचे दोन झटके येऊन गेलेले. एकुलत्या एका पोराच्या पोटावर सुरी चालणार हे कळतं तर तिसरा तिथंच आला असता. म्हणून अंकुशच म्हणाला, "ठरलं तसंच निघू. बाबाले वाटू दे, आपण अंदमानले हावो."

खोटं बोलायची जबाबदारी अर्थातच बायकोवर आली.

"समुद्राचं पानी खरंच खारं असते का वं?" नत्थूजींनी विचारलं. उभ्या जन्मात त्यांनी वणा नदीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. "लोक म्हनतात, पन माहा भरोसा नाई. बाटलीभर आनजो. चाखूनच पाहीन."

"आणीन, बाबा."

"घे, तुह्या सासूसंग बोल."

नलूबाईनं फोन घेतला आणि नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरून सिस्टर ओरडली, "बेड नंबर चौदाचे नातेवाईक कोण?"

वर्षालीनं फोन छातीशी दाबला. मेलं नशीब! मग तो पुन्हा कानाला लावला.

"हॉटेल मोठं दिसते," नलूबाई म्हणाली.

"हो, आई. लय मोठं हाय."

म्हातारी भोळी म्हणून निभावलं, असं वर्षालीला वाटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी अंकुशच्या चुलतभावासारखा, लहानूसारखा, कोणीतरी उभा दिसला. ती खांबाआड झाली. पाच मिनिटांनी डोकावली तर तिथं कोणी नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला जिथंतिथं गाववालेच दिसतात.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दुपारी चारला तिनं फोन लावला तो नलूबाईनं उचलला. एरवी ती फोनला हात लावायची नाही. वर्षालीच्या डोळ्यांसमोर सासू उभी राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, फोन कानापासून वीतभर लांब.

"बाबा कुठी हायेत?"

"झोपले."

"या वक्ती?"

"गाढ झोपले." मागं पुष्कळ माणसं बोलत होती. "टीव्ही चालू हाय," नलूबाई आपणहून म्हणाली. "तू सांग. आज काय केलं?"

वर्षालीनं पत्रकावरचा दुसरा नंबर वाचला. "हे पाण्याखाली गेलते."

"लय खोल?"

"लय."

"मानूस वर येते ना मंग?"

काचेपलीकडे अंकुश अजून शुद्धीवर नव्हता. "येते, आई. तोंडात नळी असते हवेची."

"नळी काढली का सांगजो मले," नलूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी नळी निघाली. वर्षालीनं तिसरा नंबर सांगितला, हत्तीवर बसून किनाऱ्यानं फिरलो. नलूबाईनं हत्तीचं काही विचारलं नाही. "नळी काढली?" एवढंच विचारलं, आणि "हो" म्हटल्यावर देवाचं नाव घेतलं.

"जेवले का तुम्ही?" वर्षालीनं विचारलं.

"लहानूच्या घरून डबा आला."

"काऊन? तुम्ही नाई रांधलं?"

"तुम्ही सुट्टी करून राह्यले, मंग मी काऊन चुलीपाशी बसू?"

वर्षाली हसली. किती दिवसांनी हसली.

पाचव्या दिवशी नलूबाई म्हणाली, "आज आमी सारे नदीवर गेलतो."

"कायले?"

"असंच. तुम्ही समुद्र पाहून राह्यले. आमी नदी पाह्यली."

"बाबाही होते?"

"होते ना. त्याहिलेच घेऊन गेलतो."

त्यानंतर नत्थूजी फोनवर कधी आलेच नाहीत. कधी झोपलेले, कधी बाहेर गेलेले. खरं सांगायचं तर वर्षालीला ते बरंच वाटलं. त्या माणसाशी खोटं बोलताना जीभ अडखळायची. सासूला मात्र काहीही सांगा, ती म्हणायची, "अजून सांग." कधी म्हणायची, "अंकुशले म्हना, थंड पान्यात जाऊ नको." दहाच्या दहा गोष्टी संपल्या, तेव्हा वर्षालीनं मनानंच दोन बेटं वाढवली.

बाराव्या दिवशी सुट्टी मिळाली. वर्ध्याच्या बाजारातून तिनं अंकुशला फुलाफुलांचा ढगळ शर्ट घेतला, आत पट्टी दिसू नये म्हणून. शिंपल्यांची एक माळही मिळाली. मग नळाच्या पाण्यानं बाटली भरून तिनं त्यात मूठभर मीठ विरघळवलं. चाखून पाहिलं. समुद्र तिनं तरी कुठं चाखला होता! आणखी अर्धी मूठ टाकली.

"बाबा लय खूश होतीन," अंकुश ऑटोत म्हणाला. "ते बरे, तर माह्यं सारं भरून पावलं."

चौकात लहानू दिसला, भर दुपारी कानापर्यंत टोपी ओढलेला. वर्षालीनं हात केला. तो मान वळवून गल्लीत शिरला.

दार उघडंच होतं. "बाबा, समुद्र आणला!" वर्षाली बाटली उंच धरून ओरडली. खाटेवर कोणी नव्हतं.

आतून नलूबाई आली, पदर डोळ्यांवर ओढून. अंकुश पाया पडायला वाकू लागला, तशी तिनं त्याला मधेच धरलं.

"वाकू नको, बापू. टाके ओले असतीन."

वर्षालीच्या हातातून बाटली सुटली, फुटली. काचा उचलायला नलूबाई पुढं झाली आणि डोक्यावरचा पदर घसरला. कपाळावर कुंकू नव्हतं.