आईच्या दहाव्याला अर्ध्या तासाचा थांबा

घराने दार उघडलं आणि सांगितलं, "थांबा अर्धा तास. नंतर मी निघणार."

सगळ्यांची घरं चाकांवर आल्यापासून कुठल्याच घराला याहून जास्त थांबायची परवानगी नव्हती. थांबलं, तर मागची घरं अडून बसायची.

हेरंबने रस्त्याकडेला आईच्या दहाव्याचा पिंड ठेवला. कावळा लगेच आला, पण पिंडाकडे न बघता घराच्या टपावर जाऊन सोलरची वायर टोचत बसला.

"आईंची काहीतरी इच्छा राहिलीय," बायको नीलांबरी म्हणाली आणि तिने हात जोडले. "आई, तुमची पैठणी मी नेसणार नाही. वन्संना देते."

कावळा ढिम्म.

"तुमचा कुकरपण देते."

"कुकर कशाला?" हेरंब म्हणाला.

"अहो, गप्प बसा. वेळ चाललाय."

मागून हॉर्न वाजायला लागले. घराने इंजिन सुरू केलं. हेरंबला वाटलं होतं, आज तरी रडू येईल. आलं नाही. आई गेली तेव्हा घर भरधाव धावत होतं. ती कुठल्या गावात गेली, हेही त्याला सांगता येत नव्हतं.

तो पुटपुटला, "आई, घर एका जागी उभं करतो. कायमचं."

कावळा टपावरून खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

"पण उभं करणार कुठे?" पायरी चढताना नीलांबरीने विचारलं.

"हळू बोल," हेरंब म्हणाला. "त्याचं खाऊन होऊ दे."