दाराला दिलेलं आवतन

म्हातारी बैलजोडी बाजारात विकून एकोडीच्या कृष्णरावांनी ट्रॅक्टर घेतला आणि गोठ्याला लोखंडी दार बसवलं. ते उघडताना असं करकरायचं, की बायकोच्या, ललिताबाईंच्या, हातातलं भांडं सुटायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. कृष्णरावांनी हळद-तुपाची वाटी घेतली, ते दाराच्या बिजागऱ्यांना चोळलं आणि हसत म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"दाराले कायले आवतन देता जी?" ललिताबाई चिडल्या. "बैलाले देतेत ते."

दार मात्र मुकं झालं. सकाळी ट्रॅक्टर काढला, तर हूं की चूं नाही.

दुपारी कृष्णराव पुरणपोळीच्या ताटावर बसले आणि बाहेर करकर झाली. त्यांनी खिडकीतून पाहिलं. गोठ्याचं दार बंद होतं, कडीही लागलेली.

करकर पुन्हा आली, आता अंगणातून. मग ओसरीवरून. मग थेट उंबऱ्याशी येऊन थांबली. उंबऱ्यावर कुणीच नव्हतं.

ललिताबाईंनी उंबऱ्यापाशी एक पत्रावळ मांडली.

"दोन मांड," कृष्णराव पुटपुटले. "जोडी होती."