दुसऱ्या अंकात मेलेली मावशी

मावशी मरून पडली होती आणि रंगमंचावर कुणीच काही बोलत नव्हतं.

आधी तिला वाटलं, मुद्दाम घेतलेला विराम असेल. सूडाचं नाटक, पहिलाच प्रयोग, नाट्यगृह खच्चून भरलेलं. पण विराम काही संपेना. तिने पापणी किंचित उघडली. नायिका पिस्तूल रोखून उभी होती. समोर खलनायक, म्हणजे नाटकाचा दिग्दर्शकच. त्याने तिच्या बापाच्या खुनाची कबुली द्यायची आणि मग हिने गोळी झाडायची. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. विंगेतून प्रॉम्प्टर शब्द टाकून टाकून दमला. याच्या कानात काही शिरेना.

मावशीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तालमीत याने तिचं पार पायपुसणं करून टाकलं होतं. "शेजारची प्रेमळ बाई आहेस, अभिनय कशाला करतेस? नायिकेला जेवायला वाढ, विष पी आणि गप पडून राहा." तेही सगळ्यांदेखत. आता बुडू दे मेल्याला!

प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. मागून हसू फुटलं. नायिकेचं पिस्तूल हळूहळू खाली झुकायला लागलं. पोरीची ही पहिलीच मोठी भूमिका. तालीम संपली की मावशीच्या खांद्यावर डोकं टाकून डुलक्या काढायची. आता तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी नाटकातलं नव्हतं.

मावशी उठून बसली.

पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. "अगं बाई, जिवंत आहे!"

खुर्चीचा आधार घेत मावशी उभी राहिली आणि सावकाश चालत खलनायकाच्या पुढ्यात जाऊन ठाकली.

"याला काय विचारतेस, पोरी? तुझ्या बापाला यानेच जिन्यावरून ढकललं. मी खिडकीतून पाहिलं, म्हणून तर विष घातलं मला. बोल रे, खोटं सांगतेय का मी?"

"नाही," दिग्दर्शक कसाबसा म्हणाला. "खरं आहे."

गोळी सुटली. पडदा पडला, पुन्हा वर गेला, तरी टाळ्या थांबेनात. नायिकेने मावशीला ओढत मधोमध आणलं तेव्हा अख्खं नाट्यगृह उभं राहिलं.

आत आल्यावर दिग्दर्शक घामाने निथळत तिच्यासमोर आला. आता हा काय बोलतोय म्हणून सगळे भोवती गोळा झाले. त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, मावशी."

एवढ्यात नाटकाचा लेखक गर्दीतून वाट काढत धावत आला. त्याच्या नाटकात ती खिडकी कुठेच नव्हती. त्याने खिशातून पेन काढलं आणि तिच्या पायाशी जमिनीवरच बैठक मारली.

"हं, मावशी. खिडकीतून आणखी काय काय पाहिलंत?"