ताईचं घर

ताईला गाड्यांच्या शर्यतीचे गेम कधीच आवडले नाहीत. "नुसतं गरागरा फिरायचं, पोचायचं कुठेच नाही," ती म्हणायची. तिचा सगळा जीव घर बांधून त्यात माणसं वसवायच्या गेमवर. धाकट्या भावाला तो मिळमिळीत वाटायचा. नोकरीला लागल्यावरही दोघं त्यावरून भांडायची.

ती गेल्यानंतर एका दुपारी त्याने तिचा कॉम्प्युटर पहिल्यांदा लावला.

गेममधल्या घरात आई होती, बाबा होते, तो स्वतः होता. ताई नव्हती. आजारपणात तिनेच स्वतःला काढून टाकलं असावं.

मग त्याला दिसलं, की टेबलाशी बसलेले ते तिघं एका रिकाम्या खुर्चीकडे बघून हसताहेत.

त्याने खुर्चीवर क्लिक केलं. फक्त माणसांसाठी येतात ते पर्याय आले. 'गप्पा मार' निवडायच्या आतच खुर्ची मागे सरकली. घराचं दार उघडलं. तिघंही उठून दारात गेले आणि बाहेर बघत हात हलवू लागले.

"ताई, थांब ना गं," तो पडद्याला म्हणाला.

दारातल्या आईने वळून सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.