सकाळी समोर, दुपारी शेजारी
विम्बल्डनच्या एकेरीत टॅम्सिननं सकाळीच हेझलला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. दुपारी त्याच दोघींना दुहेरीत एकत्र खेळायचं होतं. हेझल मात्र हस्तांदोलन करून जी गेली, ती दिसलीच नाही. कपडे बदलायच्या खोलीत टॅम्सिन तिच्या बंद कपाटाकडे बघत बसली. सात वर्षांची जोडी, आणि हेझलचं हे शेवटचं वर्ष. आपण जरा हात आखडता घेतला असता तर? पण ते हेझलला लगेच कळलं असतं, आणि तिनं जन्मात माफ केलं नसतं. "टॅम्सिन, पाच मिनिटं उरलीत. जोडीदारीण आली नाही, तर सामना गेला," दारातून अधिकारीबाई म्हणाल्या. टॅम्सिन रॅकेट उचलून उभी राहिली. तेवढ्यात सुजलेल्या डोळ्यांनी हेझल रॅकेट घेऊन आली. "पहिली सर्व्हिस तूच कर," ती म्हणाली. "सकाळी मला एकही परतवता आली नाही. आता समोरच्या दोघींची पाळी."