खड्डेच खणतायत

"फायबर घरात आलं की रोज व्हिडिओ कॉल करीन हं, अप्पा," असं शहरात राहणाऱ्या लेकीने कबूल केलं होतं. तोवर दर रविवारी साधा फोन.

"आलं का हो फायबर?" ती विचारायची.

"कुठलं गं! अजून रस्त्यात खड्डेच खणतायत."

"अरेरे! बरं, ठेवते मग."

सुट्टीत ती गावी आली, तेव्हा टीव्हीमागे रुमालाखाली काहीतरी हिरवं लुकलुकताना दिसलं. रुमाल उचलला, तर फायबरचा राउटर.

"अप्पा, हे कधी बसवलं? मग मला खोटं का सांगत होतात?"

अप्पांनी राउटरवर रुमाल पुन्हा नीट घातला.



"'नाही आलं' म्हटलं की तुझा जीव भांड्यात पडायचा गं. ते साध्या फोनवरही स्वच्छ ऐकू यायचं."